जिन्यातला नऊ मीटरचा लंबक

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे डॉक्टरांनी वर्ज्य केले आहेत, तेवढे वजा जाता बाकीचा नमस्कार पूर्ण समजावा.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सूनबाईची सर्दी गेली, चिरंजीवांचं पोट वाढलं, माझं रक्त कुठल्याशा तपासणीत चांगलं निघालं. तुझ्या उजव्या डोळ्याचं काय झालं ते कळव. मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं तर तू 'डोळा जागेवर आहे' एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून तर हे पत्र. फोनवर मी मुद्द्यापर्यंत पोचायच्या आत तू ठेवून देतेस. पत्र मधेच ठेवलंस तरी ते तिथेच पडून राहतं, आणि अर्धवट राहिलेली वस्तू तुला टेबलावर बघवत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तर बातमी अशी, की निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर मी पुन्हा शाळेत जाऊ लागलो आहे. मला काही त्याची हौस नव्हती. झालं असं, की घरी बसून बसून मी घरातल्या वस्तू दुरुस्त करायला घेतल्या. आधी मिक्सर उघडला, मग इस्त्री, मग दारावरची घंटा. ती घंटा आता पाहुणा गेल्यावर वाजते. (घड्याळजीचा मुलगा असून याच्या बोटांत काही उतरलं नाही, असं बाबा म्हणायचे. बाबा उगाच काही म्हणायचे नाहीत.) सूनबाई तोंडावर एक अक्षर बोलली नाही, पण पंधरा दिवसांत मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळेत 'कृतिकक्ष' नावाची खोली उघडायची आहे, दर शनिवारी पाचवी ते आठवीच्या मुलांकडून विज्ञानाचे आणि गणिताचे प्रयोग स्वतःच्या हातांनी करून घ्यायचे आहेत, तेव्हा सर, तुम्हीच या. बाई माझ्याच एके काळच्या विद्यार्थिनी, त्यामुळे नाही म्हणता येईना. सूनबाई आणि त्या एकाच व्यायामवर्गाला जातात, हे मला नंतर समजलं.

तुला वाटेल, चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला यात काय अवघड? ताई, आता वय झालं म्हणून कबूल करतो. चौतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं ते फळ्यावर. प्रयोगशाळेचं कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली मागायला गेलं की हेडक्लार्क असा चेहरा करायचा की जणू मी त्याची मुलगी मागायला आलोय. म्हणून मी चंचुपात्र फळ्यावर काढायचो. इतकं सुबक काढायचो की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला चित्रकलेचा शिक्षक समजून शाबासकी दिली. मुलांनीही वहीत सुबक चंचुपात्रं काढली, मार्क मिळवले आणि मोठी झाली. खरं चंचुपात्र समोर ठेवलं असतं तर त्यातून पाणी प्यायली असती. अशा माणसाला एकदम बत्तीस मुलं, एक लांब टेबल, कात्र्या, दोरे, डिंक आणि बुटांचे रिकामे खोके देऊन 'घ्या करून' म्हणाले. पहिल्या शनिवारी आत शिरल्या शिरल्या मी सवयीने आधी खडू शोधला.

सुरुवात केली ती सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाने. नाव फळ्यावर लिहायला दहा मिनिटं लागली, वस्तू तयार व्हायला पाच. बुटांच्या खोक्याला एका बाजूने टाचणीचं भोक, समोरच्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद, डोक्यावरून चादर घ्यायची आणि भोक उजेडाकडे करायचं, की कागदावर समोरची इमारत उमटते. उमटली. पण ती उलटी उमटते हे मी आधी सांगायचं विसरलो. बत्तीसपैकी अठ्ठावीस जणांनी 'सर, माझा बिघडलाय' म्हणून खोके परत आणून दिले. एका मुलीने मात्र परत दिला नाही. सहावीतली आहे. शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणतात, कारण ती तीन तास चालते आणि तिच्यातले सगळे प्रश्न अनिवार्य असतात. तिने खोका उलटा धरून पाहिला, इमारत उलटीच. मग आडवा धरला, तरी उलटी. शेवटी ती भिंतीला पाय लावून डोक्यावर उभी राहिली, मैत्रिणीला खोका धरायला लावला, आणि तिथून ओरडून सांगितलं की आता सरळ दिसतेय. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई चार पालकांना नवीन खोली दाखवायला आल्या. मी म्हणालो, निरीक्षण चालू आहे. पालकांनी मान डोलावली, पण दारातूनच.

दुसऱ्या शनिवारी ठरवलं की आता सगळ्यांनी दोन पायांवर उभं राहायचं आणि गणित करायचं. सावलीवरून शाळेच्या इमारतीची उंची काढायची. अगदी सोपं काम आहे. एक मीटरची काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, मग इमारतीची सावली मोजायची, की झालं त्रैराशिक. साडेनऊला काठीची सावली मोजली, एकशेवीस सेंटिमीटर. पुढे जाऊन लगेच इमारतीची मोजायची, एवढंच करायचं होतं. पण फळा दिसला की मला राहवत नाही. आत आलो, समरूप त्रिकोण काढले, तीन रंगांचे खडू वापरले, तासभर समजावून सांगितलं. मग मधली सुट्टी झाली, मग चहा आला. इमारतीची सावली मोजायला साडेअकरा वाजले. ती भरली चार मीटर ऐंशी सेंटिमीटर. मुलांनी भराभर भागाकार केले आणि सात गटांचं एकच उत्तर आलं: शाळेची इमारत चार मीटर उंच आहे. तीन मजली इमारत, ताई. म्हणजे एकेक मजला माझ्या छातीपर्यंत. एका पोराने शांतपणे सुचवलं की सर, आपण आत जाताना वाकत नसू का? मी फळ्यासमोर उभा राहून भागाकार दोनदा तपासला. तेव्हा प्रश्नपत्रिकेने हात वर केला आणि विचारलं, काठीची सावली आता किती आहे ते बघून येऊ का?

काठीची सावली चाळीस झाली होती, म्हणजे इमारत बारा मीटर. दोन तासांत सूर्य कुठल्या कुठे गेला होता आणि मी समरूप त्रिकोण रंगवत बसलो होतो.

आणि तुला सांगतो, त्या अंगणात उभ्या उभ्या मला आपल्या दुकानासमोरची पाण्याची टाकी आठवली. तू तेव्हा बारा वर्षांची, मी आठ. तू मला भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं केलंस आणि दम दिलास: 'हलू नकोस. तू काठी आहेस.' मला माशी चावत होती, चप्पल एकाच पायात होती, आणि तू शेजारच्या शिंप्याच्या टेपने एकदा माझी सावली मोजत होतीस आणि लगेच धावत जाऊन टाकीची. तू इतकी का धावतेस ते मला कळत नव्हतं. मला वाटायचं तुला टेप परत द्यायची घाई आहे. तुझं उत्तर साडेबावीस मीटर आलं. संध्याकाळी बाबांनी टाकीवरच्या माणसाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला बावीस. बाबा भिंगातला डोळा न काढता तुझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. तू का धावत होतीस ते मला बावन्न वर्षांनी कळलं, आणि तेही सहावीतल्या एका मुलीने सांगितल्यावर. (चौतीस वर्षांत हे उदाहरण मी फळ्यावर किती वेळा सोडवलं असेल याचा हिशोब तू विचारू नकोस.)

तिसऱ्या शनिवारी बाहेरच पडायचं नाही असं ठरवलं. कागद, कात्री, डिंक. कागदाच्या लांब पट्टीला अर्धा पीळ द्यायचा आणि टोकं चिकटवायची. मग त्या कड्याला पुढची आणि मागची अशा दोन बाजू राहतच नाहीत, एकच बाजू राहते. मधोमध कापत गेलं तर दोन कडी सुटत नाहीत, एकच मोठं कडं होतं. मुलं वेडी होतात याने. कागद कमी पडला म्हणून मी कार्यालयातून एक गठ्ठा उचलला. एका बाजूने कोरा होता, कोपऱ्यात धूळ खात पडला होता, मी समजलो रद्दी आहे. ती शिक्षकांच्या रजेच्या अर्जांची तीन महिन्यांची थप्पी होती. हल्लीच्या हेडक्लार्कला मुलं 'शिक्का' म्हणतात. शिक्का धापा टाकत आला तोपर्यंत भूगोलाच्या बाईंची बाळंतपणाची रजा आणि कवायतीच्या सरांचा पाय मुरगळल्याचा अर्ज एकमेकांत गुंतून टेबलावरून खाली लोंबत होते. शिक्का म्हणाला, मागच्या बाजूला मंजुरीच्या सह्या आहेत, त्या तरी वाचवा. प्रश्नपत्रिका त्याला अत्यंत आदराने म्हणाली, 'काका, याला मागची बाजूच नाहीये.'

मला वाटलं आता मला काढून टाकल्याचं पत्र टाइप होणार. पण तिने त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, रेघ ओढत जा, पेन्सिल उचलू नका. शिक्का रागातच रेघ ओढू लागला. ओढत ओढत सगळं कडं फिरला आणि जिथून सुरुवात केली तिथेच परत आला. बघतो तर रेघ सगळीकडे. पुन्हा एकदा दुसरं कडं घेऊन ओढून पाहिली. मग अर्ज चिकटपट्टीने जोडून घेईन म्हणाला, आणि जाताना एक कडं खिशात घालून घेऊन गेला. कोणाच्या रजेचं ते मी विचारलं नाही.

इथवर सगळी मजाच होती. मग चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी तुझं कार्ड आलं. चार ओळी. दिवसाला एखादं गिऱ्हाईक, तेही पट्टा बदलायला येतं. आता घड्याळ बिघडलं तर लोक फेकून देतात. तेव्हा महिनाअखेर दुकान बंद करते, टेबल आणि हत्यारं कुणी नेत असेल तर बघ. खाली 'बाकी ठीक'. ताई, ते कार्ड मी सूनबाईला दाखवलं नाही. खिशात ठेवून शनिवारी शाळेत गेलो.

त्या दिवशी लंबक होता. दोऱ्याला वजन बांधून झोका दिला की झाला लंबक. एक मीटरच्या दोऱ्याला आधी जड कुलूप बांधलं, मग हलकं. दोन्हीचे दहा दहा झोके मोजले. दोन्हीला वीसच सेकंद. मुलं चकित. प्रश्नपत्रिकेने विचारलं, सर, तुम्हाला हे कसं कळलं? या प्रश्नाला माझं एक ठरलेलं वाक्य आहे. 'मी लहान असताना एकदा माझ्या लक्षात आलं' असं ते सुरू होतं. चौतीस वर्षं दरवर्षी चार तुकड्यांना मी ते ऐकवलं आहे. त्या दिवशी 'मी लहान असताना' इथपर्यंत आलं आणि पुढे सरकेना. कारण मी लहान असताना माझ्या काहीच लक्षात आलं नव्हतं. मी माळ्याच्या शिडीवर बसून बिस्किट खात होतो. दुकानाचं मोठं कुलूप आणि ट्रंकेचं छोटं कुलूप तू हुकाला लटकवलं होतंस, आणि दुरुस्तीला आलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके तू मोजत होतीस. लक्षात तुझ्या आलं होतं.

मग मी मुलांना सगळं खरं सांगितलं. ऐक काय सांगितलं ते, कारण आपण दोघं यावर कधी बोललो नाही. तू दहावीत आणि मी सहावीत होतो. विज्ञान प्रदर्शनासाठी लंबकाचा तक्ता तू केला होतास, महिनाभर रोज मोजून. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दुकानात कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून तू बसलीस. तक्ता माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, नाव तुझंच लाव, नाहीतर माझ्या जागी दुसरंच कुणी का उभं आहे म्हणून विचारतील. मी लावलं. परीक्षकांनी मला विचारलं, दोरा चौपट लांब केला तर एका झोक्याला किती वेळ लागेल? मी छाती काढून म्हणालो, चौपट. ते हसले, आणि तरीही पहिला नंबर मलाच दिला. मी उड्या मारत दुकानात आलो. तू बक्षीस काय मिळालं ते विचारलं नाहीस. विचारलंस, काय प्रश्न विचारले? मी सांगितलं, उत्तरही सांगितलं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुझं नाव गेलं, नंबर गेला, याचं तुला काही नव्हतं. तुझ्या तक्त्यासमोर उभं राहून कुणी चुकीचं उत्तर दिलं याचा मात्र भयंकर राग आला. भर दुपारी दुकान बंद करून मला जिन्यात नेलंस, वरून लांब दोरी सोडलीस आणि मला मोजायला लावलंस. चौपट लांब दोरीला वेळ दुप्पट. मी रडत रडत मोजत होतो. मग तू पुन्हा खाली जाऊन दुकान उघडलंस. आठ दिवसांसाठी बसली होतीस. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

मी खिशात हात घातला तर तुझं कार्ड लागलं. मग म्हणालो, चला, जिन्यात.

शाळेच्या जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत मोकळी जागा आहे. आधी चार मीटर दोरी सोडली. अर्ध्या वर्गाने ऐंशी सेकंद सांगितले होते. दहा झोक्यांना चाळीसच लागले. मग गच्चीकडे जाणाऱ्या कठड्याला बांधून नऊ मीटर दोरी सोडली. प्रत्येक पायरीवर मूल. आता किती लागतील म्हणून विचारलं तर एकशेऐंशीपासून नव्वदपर्यंत आकडे आले. प्रश्नपत्रिका पायरीवर बोटाने काहीतरी लिहीत होती. 'एक, चार, नऊ' असं पुटपुटली आणि म्हणाली, साठ. कुलूप सोडलं. इतक्या लांब दोरीचा झोका फार संथ असतो ताई. श्वास घेतल्यासारखा जातो आणि येतो. शिक्का फायली घेऊन खालच्या जिन्यातून येत होता. त्याच्या नाकासमोरून कुलूप गेलं तेव्हा त्याला कळेना पुढे जावं की मागे. तो तसाच उभा राहिला आणि मुलांनी त्याच्या नाकावर झोके मोजले. दहावा झोका पुरा झाला तेव्हा बरोबर एक मिनिट झालं होतं. सगळ्या जिन्यात गलका उठला.

वरच्या कठड्याशी मुख्याध्यापिकाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, 'सर, आठवीत मी तुम्हाला विचारलं होतं, खरा लंबक दाखवाल का? तुम्ही म्हणालात, फळ्यावर दिसतोय ना.' त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. प्रश्नपत्रिकेने विचारलं, 'पण का?' चौपटीला दुप्पट, नऊपटीला तिप्पट, असं का? मला सूत्र येतं. वर्गमूळ, पाय, गुरुत्व, सगळं येतं. पण सूत्र लिहिणं म्हणजे 'का' सांगणं नव्हे, एवढं तिला कळतं आणि आता मलाही कळतं. तू त्या दुपारी जिन्यात मला ते हातवारे करून समजावलं होतंस. मी रडत होतो, त्यामुळे डोक्यात शिरलं नाही. तेव्हा मी तिला म्हणालो, मला नीट येत नाही. माझ्या ताईला येतं.

तर असा सगळा वृत्तान्त आहे. एकंदरीत हे काम माझ्याच्याने होणारं नाही, अशा निर्णयाला मी आलो आहे आणि बाईंना तसं सांगणारही आहे. तुला यात काही करायचं नाही. मन मोकळं करावंसं वाटलं म्हणून लिहिलं. तू आपली तब्येत जप. प्रवासाची दगदग अजिबात करू नकोस. मोठ्यांना नमस्कार लिहावा तर आता आपल्याहून मोठं कोणी उरलं नाही, तेव्हा तो नमस्कारही तूच घे.

तुझा,
धाकटा

ता. क. – वर 'सांगणार आहे' लिहिलं ते खोटं आहे. बाईंना सोमवारीच सांगितलं. कृतिकक्षाला दुसरी व्यक्ती मिळाली असून ती पुढच्या शनिवारपासून येईल, असंही सांगितलं. ती व्यक्ती तू आहेस. तुझी सकाळची बस शाळेच्या दारावरूनच जाते, मी चौकशी केली आहे. टेबल आणि हत्यारं विकू नकोस; कृतिकक्षाच्या खिडकीखाली उत्तम उजेड येतो, तिथे मावतं, मोजून पाहिलं.

ता. क. २ – फॉर्मवर 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना आहे. तू 'मी नुसती दहावी' म्हणून नाही म्हणशील हे गृहीत धरून तो मीच भरला. दहावी असं खरंखरं लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'यांचा एक विद्यार्थी चौतीस वर्षं विज्ञान शिक्षक होता. त्याच्या चुकांस त्या जबाबदार नाहीत.' शिक्क्याने काही न विचारता त्यावर शिक्का मारला.

ता. क. ३ – वर्ग नऊला सुरू होतो. मागच्या बाकावर बसायची परवानगी मला मुख्याध्यापिकाबाईंनी दिली आहे. तुझी अजून यायची आहे.